स्टॉलसमोर गर्दी, विक्री शून्य: गळती कुठे आहे ते कसं शोधायचं

दुपारचे तीन वाजलेत. पहाटे उठून गाडी भरली, तंबू उभा केला, चित्रं सरळ लागलीत ना ते चारदा मागे सरून बघितलं, आणि अजून भवानीसुद्धा झालेली नाही. समोरून माणसं जातायत, अगदी भरपूर. शेजारच्या मातीच्या भांड्यांच्या स्टॉलवरून भांडी कागदात गुंडाळल्याचा आवाज सतत येतोय. आणि तुमच्या डोक्यात एकच वाक्य घोळतंय: आपली चित्रंच बरी नाहीत.

या वाक्याबरोबर मी बरीच वर्षं काढलीत. मी जलरंगात काम करते, अधूनमधून ॲक्रिलिक, आणि उघड्यावरच्या कलामेळ्यांत स्टॉल लावते. चित्रं वाईट असण्याची शक्यता असते, नाही असं नाही. पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. नळाला पाणी आलं नाही म्हणून कुणी आधी नळ उपटून टाकत नाही. टाकीपासून सुरुवात करून पाणी कुठपर्यंत येतंय ते बघत जातो. इथेही तसंच. रस्त्याने जाणारा माणूस चित्र काखेत घेऊन बाहेर पडेपर्यंत पाच टप्पे ओलांडतो: दिसणं, थांबणं, आत येणं, किंमत बघणं, घेणं. तुमची माणसं नेमकी कुठे गळतायत हे कळल्याशिवाय काहीही बदलू नका.

आधी मोजा

एक वही, चार रकाने: थांबले, आत आले, किंमत बघितली किंवा विचारली, घेतलं. प्रत्येक माणसामागे एक उभी रेघ, पाचवी आडवी. समोरून गेलेले किती हे तासभर मोजत बसायची गरज नाही, दहा मिनिटं मोजा आणि सहाने गुणा. सकाळी एक तास आणि चार वाजता एक तास एवढं पुरतं.

समजा तासात ३०० माणसं गेली आणि थांबली ९. मग किमतीचा विचार करून उपयोग नाही, किंमत कुणी बघितलेलीच नाही. ६० थांबली आणि आत आली दोन, तर दाराशी काहीतरी अडतंय. ४० आत आली आणि एकानेही किमतीच्या चिठ्ठीकडे मान वळवली नाही, तर मांडणी, काच, उजेड तपासा. १५ जणांनी किंमत विचारली आणि एकानेच घेतलं, तर आता किमतीबद्दल बोलू.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एकदा चिडून एका रात्रीत चार गोष्टी बदलल्या: किमती उतरवल्या, मागचं कापड बदललं, मांडणी उलटी केली आणि ग्रीटिंग कार्डं पुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी विक्री चांगली झाली. कशामुळे ते आजतागायत कळलेलं नाही. पुढचे तीन मेळे मात्र मी उतरवलेल्या किमतीतच विकत राहिले, भीतीपोटी.

लोक थांबतच नाहीत

रमतगमत नव्हे, नेहमीच्या चालीने चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.२ ते १.४ मीटर जातो. स्टॉल तीन मीटर रुंद. म्हणजे तुम्हाला मिळतात दोन-अडीच सेकंद, आणि त्यातही तो बहुतेक वेळा सोबतच्याशी बोलत असतो. एवढ्या वेळात बत्तीस चित्रं कुणी बघत नाही. त्याला एकच चित्र दिसायला हवं.

वीस पावलं लांब जा आणि गिऱ्हाइकासारखं चालत या. मग उलट्या बाजूनेही या. आपण मागची भिंत सजवण्यात तास घालवतो, पण येणाऱ्या माणसाला आधी दिसते ती आडवी बाजूची भिंत, तीही तिरकी. सगळ्यात मोठं, लांबून आकार कळेल असं चित्र त्या भिंतीच्या रस्त्याकडच्या टोकाला हवं. लहान चित्रं लांबून नुसते ठिपके दिसतात. त्यांची जागा आत.

आता उजेड. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझे दोन हंगाम यातच गेले.

भर उन्हात उजेड एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास असतो. तीन बाजूंनी बंद तंबूच्या आत तो काही हजारांवर येतो. हा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, पण डोळा बाहेरच्या उन्हाला सरावलेला असतो, म्हणून रस्त्यावरच्या माणसाला तुमचा स्टॉल एक काळी गुहा दिसते. आत बॅटरीवरचे दिवे लावून ही लढाई जिंकता येत नाही. ते दिवे संध्याकाळसाठी ठीक. दिवसा मागची किंवा बाजूची एक कनात वर गुंडाळा, उजेड आत येऊ द्या. तोंड पश्चिमेला असेल तर दुपारनंतर ऊन थेट आतल्या चित्रांवर येतं, त्याची तयारी वेगळी: पुढे एक कापड बांधायची सोय हवी.

आणि छताचा रंग. मी पहिला तंबू जुना घेतला होता, निळा. स्वस्तात मिळाला, कापड भक्कम होतं. दोन हंगाम त्याखाली पिवळ्या कुरणांची आणि लाल मातीची चित्रं लावली. एके दिवशी एका बाईंनी त्यातलं एक छोटं चित्र घेतलं, पैसे दिले, नीट बघायला म्हणून तंबूबाहेर नेलं आणि लगेच परत आल्या. "अहो, हे तेच आहे ना?" हसत होत्या, तक्रार नव्हती. "आत वेगळं दिसत होतं. हे तर किती छान आहे!" मी बाहेर जाऊन बघितलं. पिवळं खरंच पिवळं होतं. आतमध्ये तेच चित्र ओल्या सिमेंटसारखं दिसत होतं. रंगीत कापडातून उजेड गाळून आला की कापडाचाच रंग सगळ्यावर बसतो. निळ्याखाली गेरू करडा होतो, लाल तपकिरी होतो. छत पांढरंच हवं. दुसरं काही परवडत नसेल तर आतून पांढरं कापड ताणू नका, त्याने रंग जात नाही, उजेड मात्र आणखी कमी होतो. मी तेही करून बघितलंय.

थांबतात, पण आत येत नाहीत

बहुतेक वेळा कारण एक टेबल असतं. तोंडाशी आडवं, त्यावर कार्डं, मागे तुम्ही. तुमच्या मते ती मांडणी आहे, येणाऱ्याच्या मते तो काउंटर आहे, आणि काउंटरच्या आत कुणी जात नाही. टेबल बाजूच्या भिंतीला लावा, तोंड मोकळं ठेवा. तंबू अर्धं पाऊल मागे सरकवून पुढे सावलीचा तुकडा मिळाला तर फारच उत्तम, उन्हाचा माणूस सावलीत आपोआप सरकतो.

दुसरं कारण म्हणजे आपण स्वतः. माझ्या शेजारी एकदा भांडी करणाऱ्या एक ताई होत्या, केस पांढरे झालेले, या धंद्यात माझ्या दुप्पट वर्षं घालवलेल्या. दुपारी त्या माझ्या स्टॉलच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. "अगं, तू अशी बसलीयस की मलाच आत यायला भीती वाटते."

"मी काय केलं ताई? मी नुसती बघतेय."

"तेच तर. कोण येतंय ते बघत बसलीयस. उंच स्टूल आण आणि हातात काहीतरी काम घे."

खुर्चीवर बसलं की आपण खालून वर बघतो आणि समोरच्याला परीक्षा दिल्यासारखं वाटतं. उंच स्टुलावर नजर समोरासमोर येते. हातातलं काम मात्र विचार करून निवडा. मी जलरंग घेऊन बसायचे ते बंद केलं. एक तर ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरलेला थर, अर्धवट सोडून उठता येत नाही. मधल्या मध्ये कडा वाळते, परत पाणी लागलं की फुलकोबीसारखा डाग उमटतो, आणि गिऱ्हाईक आलं तरी तुम्ही कागदालाच चिकटलेले राहता. दुसरं म्हणजे चित्र काढताना बघायला गर्दी जमते, पण ती हात बघते, भिंत बघत नाही. वर तोंडही अडवते. आता मी माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट) कापते किंवा पेन्सिलने रेखाटनं करते, कधीही खाली ठेवता येतील अशी. मोबाइलमध्ये डोकं घालणं हे काम नाही, एवढं सांगायला नको.

"काही मदत करू का?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "नाही, नुसतं बघतोय." ते म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. त्यापेक्षा ज्या चित्रासमोर माणूस रेंगाळलाय त्याबद्दल एक खरी गोष्ट सांगा: "हे धुकं असताना काढलं, कागद वाळायलाच तयार नव्हता." आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं मला जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आत येतात, "छान आहे" म्हणतात, जातात

हा टप्पा सगळ्यात जास्त छळतो, कारण तारीफ ऐकून वाटतं की सगळं ठीक चाललंय.

एकदा एक गृहस्थ माझ्या काचेतल्या चित्रासमोर उभे राहिले. रात्रीच्या नदीचं चित्र होतं, जवळजवळ सगळं गडद निळं. त्यांनी दोन्ही तळहात कानशिलांना लावले, बंद दुकानाच्या काचेतून आत डोकावताना लावतो तसे. क्षणभर बघितलं, "छान," म्हणाले आणि गेले. मी उठून त्यांच्या जागी उभी राहिले. मला दिसली माझी टोपी, मागचं आभाळ आणि समोरच्या स्टॉलची पाटी. नदी कुठेच नव्हती.

साध्या काचेचे दोन पृष्ठभाग मिळून अंगावर पडलेल्या उजेडातला सुमारे ८ टक्के उजेड परत फेकतात. घरात हे जाणवत नाही. उघड्यावर मात्र मागे लख्ख आभाळ असतं, आणि आभाळाचे ८ टक्के सावलीतल्या गडद रंगांना सहज गिळतात. तीन उपाय, स्वस्तापासून महागाकडे. पहिला: फ्रेमच्या मागे वरच्या कडेला बुचाचे किंवा फोमचे तुकडे चिकटवा, म्हणजे चित्र पुढे किंचित झुकतं आणि काचेत आभाळाऐवजी जमीन दिसते. किती झुकवायचं ते तुमच्यापेक्षा उंच आणि तुमच्यापेक्षा बुटक्या अशा दोघांना उभं करून ठरवा. दुसरा: गडद चित्रं तोंडासमोरच्या भिंतीवरून काढून बाजूच्या भिंतीवर न्या, समोर फिकी चित्रं ठेवा. तिसरा: परावर्तन टाळणारी काच. ती १ टक्क्याच्या खाली आणते, पण महाग असते. मी फक्त दोन मोठ्या चित्रांना लावलीय. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट हलकं असतं, फुटत नाही, प्रवासाला सोयीचं, पण ओरखडे पडतात आणि त्यावरची स्थिर वीज पेस्टलची किंवा कोळशाची भुकटी ओढून घेते. पेस्टलवाल्यांनी काचेलाच धरून राहावं.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर, ही दालनांतली पद्धत तंबूतही चालते. तंबूत जागा नाही म्हणून आपण गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत चित्रं टांगतो. गुडघ्याजवळची चित्रं कुणी विकत घेतलेली मला आठवत नाहीत. मग चित्रं कमी करावी लागतात, आणि तिथे जीव तुटतो.

कमी करण्याबद्दल एक प्रयोग सगळे सांगतात, म्हणून मीही सांगते. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका दुकानात कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी ६. चोवीसांपाशी जास्त लोक थांबले, पण विकत घेतलं फक्त ३ टक्क्यांनी; सहांपाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. पुढे २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा "कमी मांडा, विक्री वाढेल" हा काही नियम नाही. मी चाळीसवरून सोळावर आले ते वेगळ्या कारणाने: सोळा चित्रं एकाच हाताची वाटतात. चाळीसांत माझे तीन प्रयोग, दोन जुने छंद आणि एक मांजर होतं, आणि लोक विचारायचे, "ही सगळी तुम्हीच काढलीत?" तो प्रश्न कौतुकाचा नव्हता. मांजर आता घरी असतं. उरलेली चित्रं टेबलाखाली पेटीत, कुणी विचारलं तर काढायला.

आणखी एक अडचण आकाराची. उघड्यावर सगळंच लहान दिसतं. ३० बाय ४० सेंटीमीटरचं चित्र आभाळाखाली पोस्टाच्या तिकिटाएवढं वाटतं, आणि माणूस म्हणतो, "जरा मोठं हवं होतं." घरी ते मोठं दिसेल हे त्याला पटत नाही. एका कोपऱ्यात खुर्ची ठेवा आणि तिच्या वरच्या भिंतीवर मधोमध एक चित्र टांगा. खुर्चीच्या मापाने डोळा आपोआप हिशेब करतो. मी चित्रांच्या मापाचे साधे कागदही घडी करून ठेवते. शंका असलेल्याला देते आणि सांगते, घरी भिंतीवर चिकटवून बघा. कागद नेलेले सगळे परत येत नाहीत, पण जे येतात ते घेऊनच जातात.

हातात घेतात आणि विचारतात, "रंग उडणार नाहीत ना?"

हा प्रश्न आला म्हणजे माणूस घ्यायच्या बेतात आहे. तेव्हा चाचरलात की गेला. आपल्या ट्यूबवर काय छापलंय ते एकदा बसून वाचा. रंग उजेडात किती टिकतो ते दोन पद्धतींनी सांगतात. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या श्रेणीत १ आणि २ म्हणजे चित्रासाठी भरवशाचे; ब्लू वूल या दुसऱ्या मोजपट्टीवर १ ते ८ आकडे असतात आणि तिथे ८ सगळ्यात टिकाऊ, म्हणजे दोन्ही मोजपट्ट्या उलट्या दिशेने चालतात. यात गोंधळ होतो, माझाही झाला होता. खरं अलिझरीन क्रिम्झन हा गडद लाल रंग, ज्याच्या ट्यूबवर पीआर८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो, तो उजेडात उडतो. झगझगीत फ्लोरोसंट रंग त्याहून लवकर. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं तेव्हा भिंती फिकट जांभळ्या असल्याचं भावाला पत्रात लिहिलं होतं. आज त्या निळ्या दिसतात, त्यातला लाल रंग उडाला. तेव्हा "माझे रंग पक्के आहेत, थेट उन्हात मात्र लावू नका," एवढं मी ठामपणे सांगते, आणि स्वतः तेच जलरंग हंगामभर उन्हात टांगून ठेवत नाही. दालनांत कागदावरची कामं ५० लक्सच्या आसपास ठेवतात. आपण त्यांना काही हजार लक्समध्ये आठ-आठ तास उभं करतो. चित्रं आलटून पालटून लावा.

किंमत

चिठ्ठी नसेल तर बाकी काही वाचू नका, आधी चिठ्ठ्या लावा.

सुरुवातीला मी लावत नव्हते. वाटायचं, चिठ्ठी लावली की बाजार दिसतो. बंद खिडकीचं एक छोटं चित्र होतं, त्यासमोर एक बाई सकाळी थांबल्या, दुपारी परत आल्या, आणि पाचच्या सुमाराला नवऱ्याला घेऊन आल्या. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "केवढ्याचं असेल हो?" नवऱ्याने खांदे उडवले. दोघं अजून थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. मी चार पावलांवर बसले होते. सगळं ऐकत होते. का बोलले नाही ते विचारू नका. ते चित्र त्यांच्या अंदाजापेक्षा नक्की स्वस्त होतं.

किमती मापाने ठरवा. एका मापाची सगळी चित्रं एका किमतीची. आपल्याला एखादं जास्त आवडतं म्हणून त्याची किंमत दुप्पट लावली की गिऱ्हाईक दोन सारख्या चित्रांसमोर उभं राहून फरक शोधत बसतं, आणि तो सापडला नाही की दोन्हींवरचा विश्वास उडतो. फार आवडत असेल तर ते घरी ठेवा.

मग पायऱ्या बघा. माझ्या वहीत एकदा दिसलं की किंमत विचारणारे खूप आणि कार्डंच फक्त विकली जातायत. कार्ड आणि फ्रेममधलं मोठं चित्र यांच्यामध्ये काहीच नव्हतं. पहिल्या पायरीवरून थेट गच्चीत उडी. मध्ये ए५ आकाराची मूळ चित्रं आणली, फ्रेम नाही, फक्त माउंट आणि पारदर्शक पाकीट, चाळायच्या पेटीत. लोकांना चाळायला आवडतं, भिंतीवरच्या चित्राला हात लावायला धजावत नाहीत. पण ही पेटी तोंडाशी ठेवू नका. मी ठेवली होती, तेव्हा लोक पेटी चाळून, एखादं घेऊन, भिंतीकडे न बघता निघून जायचे. ती सगळ्यात आतल्या कोपऱ्यात हवी, म्हणजे तिथपर्यंत जाताना सगळी भिंत ओलांडावी लागते.

प्रिंट विकत असाल तर प्रिंट म्हणूनच विका. खाली पेन्सिलने १२/५० लिहिलं की पन्नासातली बारावी एवढाच अर्थ, आणि मग एक्कावन्नावी काढायची नाही. मूळ चित्र आणि त्याची प्रिंट शेजारी शेजारी टांगू नका. त्याने मूळ चित्र महाग वाटतं, प्रिंट स्वस्त वाटत नाही.

दुपारी घाबरून भाव उतरवणं हे सगळ्यात महागात पडतं. मी एकदा साडेतीनला पाटी लावली, आणि सव्वाचारला सकाळचं गिऱ्हाईक माझंच चित्र काखेत धरून समोरून गेलं. पाटी वाचली. काही बोललं नाही. मला तरी त्या दिवसानंतर पाटी लावायचा धीर झाला नाही. द्यायचंच असेल तर दोन घेणाऱ्याला दुसऱ्यावर सवलत द्या, ते सकाळच्यालाही सांगता येतं.

घरचा हिशेबही वहीच्या शेवटच्या पानावर हवा. स्टॉलचं भाडं आणि प्रवास मिळून जो आकडा होतो, त्याला एका चित्रामागे हातात उरणाऱ्या रकमेने भागा. किंमत नव्हे, फ्रेम, काच, माउंट, कागद वजा जाता उरणारी रक्कम. उत्तर पाच आलं तर सहावं चित्र ही तुमची पहिली कमाई. कधीकधी हे उत्तर चौदा येतं आणि तुम्ही आजवर एका दिवसात नऊच्या वर गेलेला नसता. मग तो मेळा फक्त दिसण्यासाठी आहे हे आधीच मान्य करून जा, किंवा जाऊ नका.

"परत येतो"

लोक खोटं बोलत नाहीत. त्यांना अजून दोन तास फिरायचंय आणि काच घेऊन फिरायचं नाही. म्हणून तेव्हाच म्हणा, "घेऊन ठेवा, जाताना न्या, मी गुंडाळून ठेवते." या एका वाक्याने माझी जेवढी विक्री झाली तेवढी कुठल्याही मांडणीने झाली नसेल. घ्यायचं नसेल तर चित्राचा छोटा फोटो, माप, किंमत आणि स्टॉलचा क्रमांक असलेलं कार्ड द्या. नुसतं नावाचं कार्ड खिशात गेलं की तुमचं कुठलं चित्र ते त्यांनाही आठवत नाही. पैसे घ्यायची सोय आदल्या संध्याकाळी त्याच मैदानावर तपासा, गर्दीत नेटवर्क मान टाकतं. सुटे पैसे ठेवा.

वाऱ्याबद्दल पटकन, कारण पडलेल्या तंबूत काही विकलं जात नाही: तीन बाय दोन मीटरची कनात ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात साधारण ४५ किलोंचा धक्का घेते, आणि वारा दुप्पट झाला की धक्का चौपट. प्रत्येक पायाला निदान २० किलो बांधा. वीस लिटर पाण्याचा भरलेला कॅन म्हणजे तेवढंच वजन, आणि येताना रिकामा आणता येतो.

सगळं ठीक आहे, तरी काही नाही

मग स्टॉल सोडा आणि फाटकाशी जाऊन पंधरा मिनिटं उभे राहा. बाहेर पडणाऱ्यांच्या हातात काय आहे ते बघा. गुंडाळलेली पुडकी दिसत असतील तर पैसे खर्च होतायत, फक्त तुमच्याकडे नाही. परत वहीकडे या. सगळ्यांचे हात रिकामे असतील, किंवा फक्त फुगे आणि खाण्याच्या थाळ्या असतील, तर तो मेळा चित्रं घेणाऱ्यांचा नाही आणि तुमच्या मांडणीचा त्यात दोष नाही. शेजाऱ्यांना विचारायचं तर बंद करताना विचारा. दुपारी कुणी खरं सांगत नाही, सगळे "ठीक आहे" म्हणतात.

एका मेळ्यावरून मी निकाल देत नाही. दुसऱ्या वर्षी "मागच्या वेळी बघितलं होतं" म्हणत येणारी चार माणसं असतात आणि ती घेतात. दुसऱ्या वर्षीही तशी कुणी आली नाहीत तर तिसऱ्यांदा अर्ज भरत नाही.

आणि लवकर आवरायला घेऊ नका. शेवटच्या तासात सकाळचे "परत येतो"वाले येतात, आणि अर्ध्या रिकाम्या भिंती बघून तोंडाशीच मागे वळतात. आवरताना ॲक्रिलिकची चित्रं एकमेकांवर तोंडाला तोंड लावून रचू नका. उन्हात तापलेला थर मऊ होतो आणि चिकटतो. मध्ये बटर पेपर घाला आणि बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा. माझ्या एका मोठ्या आकाशावर ओळीने गोल ठसे उमटलेत, एकसारख्या अंतरावर. ते चित्र आता स्टॉलवर माझ्या स्टुलामागे, तोंड भिंतीकडे करून उभं असतं, वारा अडवायला.